बॅफिन अपयशी नव्हता. काटकसर छापणाऱ्याने केली

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत वायव्य मार्गाच्या, म्हणजे अमेरिकेच्या उत्तरेकडून आशियाला जाणाऱ्या समुद्रवाटेच्या शोधावर लेख आला. फ्रोबिशर, डेव्हिस, हडसन यांना त्यात भरपूर जागा मिळाली आहे. विल्यम बॅफिन या इंग्रज नाविकाची मात्र पाच ओळींत बोळवण झाली आहे, आणि त्या पाच ओळींत तीन चुका आहेत. बॅफिन जहाजाचा कप्तान नव्हता. त्याची १६१६ ची सफर अपयशी म्हणावी अशी नव्हती. आणि तो होर्मुझच्या वेढ्यात मारला गेला नाही. पहिली आणि तिसरी चूक दोन ओळींत दुरुस्त होईल. दुसरीसाठी जरा खोलात जावे लागेल, कारण त्या काळी मोजमाप कसे घेत हे समजल्याशिवाय बॅफिनची योग्यता कळत नाही.

जहाजाचे नाव डिस्कव्हरी, माल वाहण्याची क्षमता ५५ टन, जहाजावर एकूण १७ माणसे. मास्टर, म्हणजे जहाजाचा प्रमुख, रॉबर्ट बायलट. बॅफिन पायलट होता: वाट ठरवणे, अक्षांश काढणे, किनारा कागदावर उतरवणे हे त्याचे काम. हडसन ज्या जहाजावरून १६१० मध्ये गेला आणि ज्यावर बंड झाले, ते हेच जहाज. बायलट तेव्हाही त्यावर होता आणि जहाज इंग्लंडला परत आणणारा तोच. बर्फातल्या समुद्राचा अनुभव बायलटकडे अधिक होता. पण लिहून ठेवले बॅफिनने, म्हणून नाव बॅफिनचे झाले. बायलटवर हा अन्यायच आहे, आणि तुमच्या लेखात तर त्याचे नावही नाही.

दोघे १६१५ मध्ये याच जहाजातून हडसन सामुद्रधुनीतून साउथॅम्पटन बेटापर्यंत जाऊन आले होते. तिथे भरतीचे पाणी कोणत्या दिशेने येते हे बॅफिनने पाहिले. पलीकडे दुसरा महासागर असेल तर भरती पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून यायला हवी. ती आग्नेयेकडून, म्हणजे मागून येत होती. बर्फ दाटत चालला होता आणि पाणी उथळ होत होते. या बाजूने मोठी वाट नाही, असली तर डेव्हिस सामुद्रधुनीतून वर जाऊन, असा निष्कर्ष त्याने काढला. पुढल्या वर्षीची सफर त्यावरच आखली गेली.

२६ मार्च १६१६ रोजी डिस्कव्हरी ग्रेव्ह्जएंडहून निघाली. इथे तारखांबद्दल एक खुलासा. इंग्लंड तेव्हा ज्युलियन पंचांग पाळत होते, त्यामुळे बॅफिनच्या रोजनिशीतल्या प्रत्येक तारखेत १० दिवस मिळवले की आजची तारीख मिळते. ऋतू आणि बर्फ यांचा हिशेब करताना हे विसरले की सगळे बिनसते. तुमच्या लेखात जुन्या आणि नव्या तारखा सरमिसळ झाल्या आहेत. मी खाली सगळ्या जुन्याच देतो.

सफरीचा खर्च करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या कंपनीची आज्ञा अशी होती: ग्रीनलंडच्या किनाऱ्याने ८० अंशांपर्यंत वर जा, मग पश्चिमेला आणि नैऋत्येला वळून ६० अंशांपर्यंत खाली या, म्हणजे जपानच्या वरच्या बाजूचा समुद्र लागेल. आखणी लंडनमध्ये बसून केलेली, त्यामुळे सुबक होती. जॉन डेव्हिस १५८७ मध्ये ७२ अंश १२ कलांपर्यंत (एका अंशाच्या ६० कला) गेला होता. मेअखेर डिस्कव्हरी त्या टप्प्यापाशी पोचली. पुढे बर्फाने अडवले, म्हणून ७३ अंश ४५ कलांवरच्या एका खाडीत जहाज थांबले. तिथल्या लोकांनी नारव्हाल या देवमाशाच्या जातीच्या प्राण्याची शिंगे विकायला आणली, म्हणून खाडीचे नाव हॉर्न साउंड. २४ जूनला, ऐन उन्हाळ्यात, दोर आणि शिडे इतकी गोठली की हाताळता येईनात. आणि १ जुलैला ७५ अंश ४० कलांवर एकाएकी मोकळे पाणी लागले.

अंगावर काटा आणणारा चमत्कार म्हणून हा प्रसंग रंगवायची गरज नाही. त्याला कारण आहे. बॅफिन उपसागराच्या मध्यभागी बर्फाचा जाड पट्टा उन्हाळ्यातही टिकतो. पण त्याच्या उत्तरेला, स्मिथ साउंड या अरुंद जलमार्गाच्या तोंडाशी, बर्फाची कमान धरते आणि वरून येणारा बर्फ अडवते. कमानीखाली जो नवा बर्फ धरतो तो उत्तरेचा वारा दक्षिणेकडे ढकलून देतो. म्हणून वर मोकळे पाणी आणि खाली बर्फ अशी उलटी रचना होते. पुढे देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांनी याच ज्ञानावर धंदा केला: ग्रीनलंडचा किनारा धरून वर जायचे, बर्फाला वरून वळसा घालायचा आणि मग पश्चिमेला उतरायचे. ही वाट कागदावर प्रथम बॅफिनने आणली.

५ जुलैच्या सुमारास जहाज स्मिथ साउंडच्या तोंडाशी होते. अधिकात अधिक गाठलेला अक्षांश ७७ अंश ४५ कला, म्हणजे डेव्हिसच्या पुढे ३३३ सागरी मैल. या समुद्रात त्याहून वर कोणी गेले ते थेट १८५२ मध्ये, २३६ वर्षांनी.

आता मोजमापाकडे येतो. अक्षांश काढण्याची रीत साधी होती: भरदुपारी सूर्य सर्वांत उंच असताना त्याचे उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची अंशांतली उंची, मोजायचे, ९० तून वजा करायचे, आणि उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्यात त्यात सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासून सूर्य किती अंश सरकला आहे ते, मिळवायची. ५ जुलैला (आजच्या १५ जुलैला) क्रांती साधारण २१ अंश ३५ कला उत्तर. ७७ अंश ३० कलांवर मध्यान्हीचा सूर्य ३४ अंशांच्या जरासा वर दिसेल. मोजायला क्रॉसस्टाफ, म्हणजे मापाची काठी आणि तिच्यावर सरकणारी आडवी पट्टी. तिच्यात डोळा थेट सूर्याकडे लावावा लागतो. डोळे दिपतात, आणि काठीचे टोक गालावर जरा इकडेतिकडे टेकले तर कोन चुकतो. डेव्हिसने १५९४ मध्ये वर्णन केलेल्या बॅकस्टाफमध्ये सूर्याकडे पाठ करायची आणि पट्टीची सावली क्षितिजाच्या रेषेशी जुळवायची. डोळे वाचतात. पण सावलीची कड सूर्याच्या मध्याची नसून काठाची असते, म्हणून १६ कलांची दुरुस्ती करावी लागते. ती विसरली की १६ सागरी मैलांची चूक झाली, कारण उत्तर-दक्षिण दिशेत एक कला म्हणजे एक सागरी मैल.

बर्फाच्या समुद्रात आणखी एक घात असतो. डोळा पाण्यापासून चार मीटर उंच असेल तर खरे क्षितिज साडेतीन कला खाली दिसते. मध्ये एका मैलावर बर्फाची कड आली आणि तिच्या पायथ्याची पाण्याची रेषाच क्षितिज समजून मोजली, तर ती रेषा साडेसात-आठ कला खाली असते. सूर्य चार कला जास्त उंच मोजला जातो आणि अक्षांश तेवढाच कमी येतो. उलट बर्फाचा माथा क्षितिज धरला, तर चूक दुसऱ्या बाजूला जाते. यावर उपाय एकच: निरीक्षण पुन्हा पुन्हा घेणे. मावळत नसलेला सूर्य तिथे उपयोगी पडतो. मध्यरात्री तो उत्तरेला सर्वांत खाली असतो. वरच्याच उदाहरणात सुमारे ९ अंशांवर. ९० तून क्रांती वजा करून हे उन्नतांश मिळवले की अक्षांश दुसऱ्यांदा निघतो आणि दुपारच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. फक्त इतक्या खाली असलेल्या सूर्याला हवेतील वक्रीभवन पाच-सहा कला वर उचलते, ते वजा करायला हवे.

एवढ्या अडचणींत बॅफिनचे आकडे कसे उतरले? लँकेस्टर साउंडचा अक्षांश त्याने ७४ अंश २० कला दिला. आजच्या नकाशावर त्या जलमार्गाच्या तोंडाचा मध्य ७४ अंश १५ कलांच्या आसपास येतो. तोंडाची रुंदी चाळीस-एक सागरी मैल आहे, तेव्हा याला चूक म्हणणेही कठीण.

होकायंत्राची गोष्ट त्याहून विचित्र. स्मिथ साउंडपाशी बॅफिनला दिक्पात, म्हणजे खऱ्या उत्तरेपासून सुईचे ढळणे, पश्चिमेकडे ५६ अंश, म्हणजे होकायंत्राची जवळजवळ पाच घरे, आढळला. एक घर सव्वाअकरा अंशांचे. तोवर कुणी नोंदवलेला इतका मोठा दिक्पात नव्हता. याचा व्यवहारात अर्थ काय? सुकाण्यावरच्या माणसाने सुई पाहून 'उत्तर' धरली आणि जहाज ६० मैल चालले, तर ते प्रत्यक्षात उत्तरेला ३४ मैल आणि पश्चिमेला ५० मैल गेलेले असेल. हिशेब न ठेवणारा पायलट अशा पाण्यात किनाऱ्यावर जाऊन आदळतो, किंवा घरी गेल्यावर सगळा किनारा वाकडा काढतो. दिक्पात मोजायची नेहमीची रीत म्हणजे सूर्य उगवताना किंवा मावळताना सुईशी त्याचा कोन पाहणे. पण तिथे जुलैत सूर्य मावळतच नाही. मग सकाळी आणि दुपारनंतर सूर्य सारख्याच उंचीवर असताना दोन्ही वेळा सुईवर त्याची दिशा नोंदवायची; दोहोंचा मध्य म्हणजे खरी दक्षिण. हे काम शांत पाण्यात, घाई न करता करावे लागते. शिवाय चुंबकीय ध्रुव जवळ असला की आडवी ओढ क्षीण होऊन सुई सुस्तावते. डबीला हलकी टिचकी मारून ती मोकळी करावी लागते. एका वाचनावर विसंबणारा फसतो. बॅफिनने हा आकडा अनेक चांगल्या निरीक्षणांवरून दिल्याचे स्वतः लिहिले आहे.

रेखांशाबद्दल तुमचा लेख म्हणतो की १८ व्या शतकापर्यंत समुद्रावर तो कोणी काढायचा प्रयत्नच करत नसे. बॅफिनने १६१२ मध्ये ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर तो काढून पाहिला. रीत अशी: जमिनीवर दक्षिणोत्तर रेषा आखायची, चंद्र त्या रेषेवर स्थानिक वेळेने केव्हा आला ते टिपायचे, आणि लंडनसाठी गणलेल्या पंचांगात दिलेल्या वेळेशी तुलना करायची. चंद्र रोज सुमारे ४९ मिनिटे उशिरा येतो; म्हणजे पृथ्वीच्या ३६० अंशांना ४९ मिनिटे. स्थानिक वेळेत एका मिनिटाची चूक झाली की रेखांश सात अंशांहून अधिक चुकला! तत्त्व बरोबर, पण त्या काळच्या साधनांनी जमणारे काम नव्हे. १६१५ मध्ये हडसन सामुद्रधुनीत चंद्र-सूर्य एकाच वेळी आकाशात असताना दोघांची निरीक्षणे घेऊन त्याने पुन्हा गणित केले. सूर्याच्या तुलनेत चंद्र तासाला अर्धा अंश सरकतो, म्हणून चंद्राच्या स्थानात एक कला चुकली की वेळ दोन मिनिटांनी आणि रेखांश अर्ध्या अंशाने चुकतो. ६२ अक्षांशावर रेखांशाचा अर्धा अंश म्हणजे १४ सागरी मैल. खरे दुखणे निरीक्षणात कमी आणि पंचांगात जास्त होते: चंद्राचे छापील स्थानच कित्येक कलांनी चुकीचे असे. ते सुधारायला पुढे दीडशे वर्षे गेली. लेखकाने 'प्रयत्नच नव्हता'ऐवजी 'पंचांग नव्हते' असे लिहिले असते तर बरोबर झाले असते.

आता बॅफिन कुठे चुकला तेही सांगायला हवे, नाहीतर हे पत्र स्तुतिपाठ होईल. स्मिथ, जोन्स आणि लँकेस्टर ही तिन्ही तोंडे त्याने बंद खाड्या मानली. १२ जुलैला लँकेस्टर साउंडसमोर तो आला तेव्हा तोंडावर बर्फ होता आणि आत शिरता आले नाही. आजच्या हिशेबाने ती २२ जुलै. विल्यम पॅरी १८१९ मध्ये त्याच तोंडातून आत गेला तो ऑगस्टच्या आरंभी, आणि पश्चिमेला मेल्व्हिल बेटापर्यंत पोचला. दहा-बारा दिवस थांबायला हवे होते. पण बॅफिनजवळ ते दिवस नव्हते. माणसे स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने, खचत होती. जुलैअखेर स्वयंपाकी मरण पावला. तेव्हा शोध सोडून जहाज ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर कॉकिन साउंडला नेले. तिथे स्कर्व्ही ग्रास नावाची पालेदार वनस्पती विपुल होती. ती बिअरमध्ये उकळून प्यायला दिली, आणि तिच्यासह आंबट चुक्याच्या जातीचा पाला कच्चा खायला दिला. आठ-नऊ दिवसांत माणसे उभी राहिली. उकळल्याने क जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते, तेव्हा खरे श्रेय कच्च्या पाल्याला अधिक असावे. जेम्स लिंडच्या स्कर्व्हीवरील उपायांच्या प्रसिद्ध प्रयोगाच्या १३१ वर्षे आधीची ही गोष्ट. ३० ऑगस्टला जहाज डोव्हरला परतले. सतरापैकी सोळा जिवंत. त्या काळाच्या मानाने हे यशच.

परतल्यावर बॅफिनने सफरीला पैसा पुरवणाऱ्यांपैकी एक, जॉन वोल्स्टनहोम यांना लिहिले की डेव्हिस सामुद्रधुनीच्या उत्तरेला वाट नाही, आशाही नाही. सोबत नकाशा आणि रोजच्या चालीचा तक्ता होता: तारीख, दिशा, अंतर, अक्षांश, वारा, दिक्पात अशा नोंदींचा. हे कागद पुढे सॅम्युअल पर्चस या संपादकाकडे गेले. पर्चसने १६२५ मध्ये प्रवासवृत्तांचे मोठे खंड छापले. त्यात बॅफिनचे वर्णन घेतले, पण नकाशा आणि तक्ते गाळले. समासात कारणही दिले: ते छापणे त्रासाचे आणि फार खर्चाचे होते. मूळ कागद त्यानंतर हरवले.

परिणाम काय झाला ते पाहा. वर्णनात स्थळांची नावे आणि काही अक्षांश होते, पण किनाऱ्याचा आकार नव्हता. मग ज्या त्या नकाशाकाराने आपल्या अंदाजाने उपसागर काढला. कोणी फुगवला, कोणी आखडला. आकार जुळेनात तसा मूळ माणसावरच संशय येऊ लागला. १८१८ साली छापलेल्या एका इंग्रजी नकाशावर तर बॅफिनच्या म्हणण्यानुसार हा उपसागर आहे, पण आता त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, अशी तळटीपवजा नोंद आहे. त्याच वर्षी जॉन रॉस दोन जहाजे घेऊन गेला, किनाऱ्याने फिरला, आणि बॅफिनने सांगितलेली ठिकाणे सांगितली तिथे सापडली. गंमत अशी, की लँकेस्टर साउंडमध्ये शिरून रॉसला समोर डोंगररांग दिसली आणि तो परतला. ती डोंगररांग मृगजळ होती. रॉसकडे दोनशे वर्षांची सुधारलेली उपकरणे होती, तरी तो फसला. बॅफिनला अपयशी ठरवताना हे तराजूत टाकायला हवे.

संपादक महाशय, आपल्या लेखासोबत रंगीत चित्र अर्ध्या पानाचे आहे. मार्गाचा नकाशा नाही आणि एकही अक्षांश नाही. दोन स्तंभ रुंदीचा, अक्षांशांच्या रेषा असलेला साधा काळा-पांढरा नकाशा पुरला असता. सागरी प्रवासावरच्या कोणत्याही लेखात तारीख, ठिकाण, अक्षांश आणि पाण्याची स्थिती असा चार रकान्यांचा, आठ-दहा ओळींचा तक्ता दिला, तर वाचकाला लेखकाचे म्हणणे स्वतः तपासता येते.

आणि आपल्या वाचकांना बॅफिनचा जो धागा जवळचा वाटला असता, तोच लेखात नाही. वायव्य मार्गाला पैसा पुरवणारे आणि सुरतेला जहाजे धाडणारे व्यापारी बऱ्याच अंशी एकच होते. ज्यांचे नाव स्मिथ साउंडला मिळाले ते सर टॉमस स्मिथ ईस्ट इंडिया कंपनीचे पहिले गव्हर्नर. लँकेस्टर साउंडला ज्यांचे नाव आहे ते सर जेम्स लँकेस्टर कंपनीच्या १६०१ च्या पहिल्या ताफ्याचे प्रमुख. उत्तरेची वाट मिटल्यावर बॅफिन १६१७ मध्ये कंपनीच्या ॲन रॉयल जहाजावर मास्टरचा मदतनीस म्हणून सुरतेला आला. तिथून तांबड्या समुद्रात मोखापर्यंत गेला आणि तिकडचे किनारे उतरवून काढले. जहांगीरच्या दरबारातला इंग्रज वकील सर टॉमस रो १६१९ मध्ये याच जहाजातून मायदेशी निघाला. रोने जमवलेल्या माहितीवरून बॅफिनने मोगल साम्राज्याचा नकाशा रेखाटला. रेनल्ड एल्स्ट्रॅकने तो तांब्यावर कोरला आणि १६१९ मध्ये लंडनमध्ये तो विक्रीला आला. आग्रा ते लाहोर ही झाडांची दुतर्फा रांग असलेली वाट आणि तैमूरपासून जहांगीरपर्यंतची वंशावळ दाखवणारी शाही मुद्रा त्यावर आहे. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ युरोपातल्या नकाशाकारांनी उत्तर हिंदुस्थानासाठी याची नक्कल केली. या नकाशाची लहान आवृत्ती पर्चसने आपल्या खंडांत छापली. म्हणजे मोगलांच्या मुलखासाठी खर्च परवडला. बर्फासाठी परवडला नाही. ग्राहक कशाचा आहे हे त्याला बरोबर कळत होते.

राहिली तिसरी चूक. बॅफिन १६२० मध्ये लंडन या जहाजावरून पुन्हा या बाजूला आला. इंग्रज तेव्हा इराणच्या आखातात इराणचा बादशहा शाह अब्बास याच्या फौजेसह पोर्तुगीजांशी लढत होते. पहिला हल्ला होर्मुझवर नव्हे, शेजारच्या किश्म बेटावरच्या किल्ल्यावर झाला. तोफेचा नेम बसवायला तटाची उंची आणि अंतर हवे होते. बॅफिन आपली भूमितीची उपकरणे घेऊन किनाऱ्यावर उतरला आणि कोन घेत असताना किल्ल्यातून आलेली गोळी पोटात लागून जागीच मरण पावला. तारीख २३ जानेवारी १६२२. होर्मुझचा वेढा त्यानंतर सुरू झाला आणि किल्ला एप्रिलमध्ये पडला. जुन्या इंग्रजी कागदांत हीच तारीख २३ जानेवारी १६२१ अशी सापडेल, कारण इंग्लंडमध्ये तेव्हा साल २५ मार्चला बदलत असे. दुरुस्ती छापताना साल १६२२ च द्यावे.

आपला,
नौकानयनशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, मुंबई